विवेकाचा दाखला कोणी द्यावा?

लोकप्रतिनिधीने कायदेमंडळात बसून नेमके काय करावयाचे असते, असे आमच्या खेड्यातील मतदाराला विचारले तर तो रस्ता, नळ, समाजमंदिर आणि बदल्या एवढी चार नावे घेऊन मोकळा होतो. यात त्याचा दोष नाही. त्याला याहून निराळे काही कोणी करून दाखविलेलेच नाही. आज आम्ही वाचकांपुढे अशा एका सभासदाची हकीकत ठेवीत आहो की, ज्याने ऐन लढाईच्या धामधुमीत, सारा देश एका बाजूला आणि आपण मूठभर लोक दुसऱ्या बाजूला अशा वेळी, तुरुंगात पडलेल्या साध्या माणसांची गाऱ्हाणी नावनिशीवार पार्लमेंटात मांडली. त्याचे नाव फिलिप स्नोडेन. गोष्ट विलायतेची व १९१६ ते १९१८ या सालांतली आहे. इतकी जुनी आणि इतक्या दूरची गोष्ट आमच्या पत्रात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु तिच्या पोटात जो प्रश्न आहे तो सत्यशोधकांच्या घरचाच आहे. माणसाच्या अंतःकरणात काय आहे याचा दाखला देण्याचा अधिकार कोणाचा?

स्नोडेन हा यॉर्कशायर परगण्यातील काउलिंग नावाच्या खेड्यातला. जन्म १८६४ चा. बाप विणकर, म्हणजे आमच्याकडील भाषेत साळी-कोष्टी. पोरगा हुशार निघाला म्हणून गावच्या शाळेतच त्याला उमेदवार मास्तर करण्यात आले. तेव्हा काही काळ तो आमच्याच धंद्यातला होता असे म्हणावयास हरकत नाही. पुढे त्याने सरकारी अबकारी खात्यात कारकुनी केली. तिशी गाठण्यापूर्वीच पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्याला गाठले आणि जन्मभर काठ्यांच्या आधाराने चालण्याची पाळी आली. नोकरी गेली. मग तो स्वतंत्र मजूर पक्षात शिरला, गावोगाव व्याख्याने देत फिरला आणि १९०६ साली ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या शहरातून कामन्स सभेत निवडून आला. त्याची बायको एथेल हीही शिक्षिकाच होती आणि स्त्रियांना मत मिळावे म्हणून झगडत होती.

१९१४ साली महायुद्ध पेटले. पहिले दीड वर्ष इंग्लंडने खुशीने येणाऱ्या शिपायांवर भागविले. माणसे कमी पडू लागली तेव्हा पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी ५ जानेवारी १९१६ रोजी सक्तीच्या लष्करभरतीचे बिल सभेपुढे आणले. दुसऱ्या वाचनाच्या वेळी बिलाच्या बाजूने ४३१ आणि विरुद्ध अवघी ३९ मते पडली. स्नोडेन त्या थोड्यांच्या बाजूचा. मजूर पक्षाचे पुढारी हेंडरसन त्या वेळी खुद्द मंत्रिमंडळात बसले होते, म्हणजे स्नोडेनला सरकारशी भांडावे लागलेच, पण आपल्या पक्षातील वजनदार माणसांशीही भांडावे लागले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कायदा १८ ते ४१ वर्षांच्या आतील पुरुषांसाठी होता. स्नोडेनचे वय एक्कावन्न आणि पाय अधू. या कायद्याचे बोटसुद्धा त्याला लागणार नव्हते. शिवाय तो क्वेकर पंथाचा नव्हता. कोणत्याच लढाईत केव्हाही शस्त्र धरणे पाप आहे, असे क्वेकर मानतात, तसे त्याचे मत नव्हते. ही लढाई वाटाघाटीने मिटवावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. स्वतःच्या कातडीला धक्का नाही आणि स्वतःच्या पंथाचा प्रश्न नाही, अशा ठिकाणी जो माणूस उठून उभा राहतो त्याच्या शब्दाचे मोल आम्ही अधिक समजतो.

२ मार्च १९१६ रोजी कायदा अंमलात आला. आयर्लंड वगळून ब्रिटनमधील त्या वयाचा प्रत्येक अविवाहित पुरुष आणि ज्याच्यावर पोरे अवलंबून नाहीत असा प्रत्येक विधुर त्या दिवशी घरात निजलेला असताच शिपाई ठरला. मे महिन्यात विवाहितांनाही त्यात ओढले. तथापि कायद्यात एक दार ठेवले होते. शस्त्र धरण्यास ज्याची सदसद्विवेकबुद्धी आड येते त्याने अर्ज करावा, पंचांपुढे उभे राहावे आणि पंचांनी खात्री करून त्याला सूट द्यावी, असे ते कलम. हे दार निदान उघडे राहावे आणि त्यातून जाणाऱ्याला लष्कराबाहेरचे राष्ट्रोपयोगी काम करण्याची वाट मिळावी म्हणून टी. एडमंड हार्वे आणि अर्नोल्ड राउंट्री या दोन क्वेकर सभासदांनी फार खटपट केली. त्यांच्या कामाचीही नोंद येथे करणे न्यायाचे आहे.

आता त्याच कायद्याच्या परिशिष्टाकडे वाचकांनी नजर टाकावी. कोणत्याही ख्रिस्ती पंथाचा दीक्षा घेतलेला पाद्री अथवा नेमलेला धर्मोपदेशक या कायद्यातून जन्माच्या नव्हे तरी झग्याच्या हक्काने आपोआप मोकळा! त्याला अर्ज नको, पंच नकोत, उलटतपासणी नको. त्यातील कित्येक पाद्री तर व्यासपीठावरून तरुणांनी लढाईवर जावे म्हणून प्रवचने देत होते. आणि त्याच देवळात मागच्या बाकावर बसून तेच शुभवर्तमान ऐकलेल्या, ‘हत्या करू नको’ ही आज्ञा खरी मानलेल्या विणकराच्या पोराने मात्र आपली श्रद्धा खरी असल्याचे सिद्ध करावयाचे. धर्म सांगणाऱ्याला सूट आणि धर्म पाळणाऱ्याला तुरुंग! हा न्याय आमच्या वाचकांना कोठेतरी पाहिल्यासारखा वाटेल. भटशाही ही काही एका देशाची मिरासदारी नव्हे.

आणि हे पंच तरी कोण? देशभर दोन हजारांच्या वर स्थानिक न्यायपंचायती नेमण्यात आल्या. त्यांत बहुतेक गावचे नगरसेवक, दुकानदार, कारखानदार आणि जमीनदार. काल-परवापर्यंत याच मंडळींपैकी कित्येकजण भरतीच्या सभांतून टाळ्या पिटीत होते. शिवाय प्रत्येक पंचायतीत लष्करी खात्याचा एक माणूस बसे आणि तो अर्जदाराला आडवेतिडवे प्रश्न विचारी. तुझ्या आईवर किंवा बहिणीवर जर्मन शिपाई चालून आला तर तू काय करशील, हा तर ठरलेला प्रश्न. उत्तर ‘मी लढेन’ असे आले की, मग तुझा विवेक खोटा. ‘मी लढणार नाही’ असे आले की, तू नामर्द. दोन्हीकडून माणूस चीत. अर्जदार जन्माने क्वेकर असला तर पंच थोडे नरमाईने वागत, कारण त्या पंथाचे मत सर्वांस ठाऊक होते. परंतु जो गिरणीकामगार म्हणे की, माझा पंथ वगैरे काही नाही, मी स्वतः विचार करून ठरविले आहे की जर्मन मजुराच्या छातीत मी संगीन खुपसणार नाही, त्याला पंच म्हणत की, हा राजकारणी मनुष्य आहे, याला विवेक असूच शकत नाही. म्हणजे विवेकसुद्धा वाडवडिलांकडून मिळाला असेल तर खरा आणि स्वतःच्या डोक्याने मिळविला असेल तर बनावट! आम्ही या गोष्टीवर मुद्दाम भर देत आहो. जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ ग्रंथात एकाच कुटुंबातील माणसांनी आपापल्या विचाराने निरनिराळे धर्म पत्करून गोडीने राहावे असा उपदेश आहे. धर्म हा जातीचा आणि पंथाचा वारसा नसून प्रत्येकाच्या बुद्धीचा निर्णय आहे, हे ज्याला पटले त्याला विलायतेतील त्या पंचांची चूक समजावून सांगावी लागणार नाही.

सेंट हेलेन्स गावच्या अर्नेस्ट एव्हरेट या शाळामास्तराची हकीकत पाहा. सोळाव्या वर्षापासून तो सर्व लढायांच्या विरुद्ध होता. पंचांनी त्याला शस्त्राचे काम माफ केले, पण लष्करातच राहून हमाली-मजुरीचे काम करावे असे ठरविले आणि जाता जाता, याला शाळेतून काढून टाकावे, अशी शिफारसही केली. माणसाच्या विवेकाचा निवाडा करावयास बसलेल्या पंचांना त्याच्या भाकरीवर पाय देण्याचा अधिकार कोणी दिला होता? त्याने लष्करी हुकूम पाळला नाही म्हणून एप्रिल १९१६ मध्ये लष्करी कोर्टाने त्याला दोन वर्षे सक्तमजुरी ठोठावली. पुढे ती कमी करण्यात आली. त्याच्या हकीकतीचे पत्रक लिहिले म्हणून बर्ट्रांड रसेल यांच्यासारख्या जगप्रसिद्ध विद्वानाला शंभर पौंड दंड झाला आणि केंब्रिजमधील त्यांची अध्यापकी गेली.

अशा वेळी स्नोडेनने काय केले? बिल तर पास झाले होते, मोठी लढाई हरली होती. आमच्याकडील पुढारी असता तर त्याने एक जळजळीत भाषण करून, वर्तमानपत्रात ते छापवून आणून, पुढच्या निवडणुकीपर्यंत विसावा घेतला असता. स्नोडेनचे खरे काम येथून पुढे सुरू झाले. त्याच्याकडे गावोगावच्या आया, बायका, भाऊ यांची पत्रे येऊ लागली. माझ्या मुलाला अमुक तारखेला धरून नेले, अमुक छावणीत अंगावरचे कपडे काढून घेतले, अमुक पंचाने असे म्हटले. खेड्यात मास्तरकी करणाराला अशी पत्रे ओळखीची असतात, कारण ती लिहून देण्याचे काम त्याच्याकडेच येते. अशा पत्रांतील हकीकत पारखून स्नोडेन सभेत प्रश्न विचारी. नाव काय, गाव कोणते, छावणी कोणती, कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या कायद्याने असे केले? आज एक, उद्या दुसरा, परवा तिसरा. मंत्री त्रासून जात, बाकीचे सभासद ओरडत. २२ मार्च आणि ६ एप्रिल १९१६ रोजी त्याने सभेत या पंचायतींची सारी लक्तरे वेशीवर टांगली. ती दोन भाषणे पुस्तकरूपाने छापली गेली आणि पुस्तकाला त्याने नाव दिले ‘ब्रिटिश प्रशियाशाही’. ज्या प्रशियाच्या लष्करशाहीशी आपण लढतो आहो म्हणून सांगता तीच तुम्ही घरात आणून बसविली आहे, असा त्या नावाचा रोख होता.

सूट नाकारलेल्या माणसाचे पुढे काय होई हेही वाचकांनी समजून घ्यावे. भरतीला हजर झाला नाही म्हणून पोलीस त्याला धरीत. मॅजिस्ट्रेट दोन पौंडांच्या आसपास दंड करून त्याला लष्कराच्या हवाली करी. तेथे गणवेश चढविण्याचा हुकूम होई. तो नाही म्हणे. मग लष्करी कोर्ट आणि ११२ दिवस किंवा अधिक सक्तमजुरी. ती भोगून तुरुंगाच्या दाराबाहेर पडला की, पुन्हा छावणी, पुन्हा तोच हुकूम, पुन्हा तेच ‘नाही’ आणि पुन्हा तुरुंग. एकाच नकाराबद्दल दोनदा, तीनदा, चारदा शिक्षा! साधारण सोळा हजारांवर माणसांनी विवेकाचे कारण सांगून लढण्यास नकार दिला. त्यांपैकी सुमारे सहा हजारांनी तुरुंग पाहिला आणि सत्तरांवर माणसे कैदेत किंवा त्या हालांमुळे दगावली. १९१६ च्या उत्तरार्धात सरकारने काहींना तुरुंगाबाहेर कामावर पाठविण्याची योजना काढली. तीत स्कॉटलंडमधील डाइस येथे दगडाच्या खाणीवर, भिजक्या तंबूंत ठेवलेला वॉल्टर रॉबर्ट्स नावाचा तरुण सप्टेंबर १९१६ मध्ये फुफ्फुसाच्या दाहाने मेला. हजारावर माणसांनी मात्र ही अर्धी सवलतही घेतली नाही. लढाईला कोणत्याच मार्गाने हात लावणार नाही, असे म्हणून ती तुरुंगातच राहिली.

सर्वांत भयंकर प्रकार घडला तो मे-जून १९१६ मध्ये. लष्कराने पन्नासेक जणांना गुपचूप फ्रान्समध्ये नेले. तेथे रणक्षेत्राचा कायदा. हुकूम मोडला तर गोळी. त्यांच्यात कोनिसबरो गावचा बर्ट ब्रॉकल्सबी नावाचा मास्तर होता. शिपायांना घरी धाडण्यासाठी छापील मजकुराचे पोस्टकार्ड मिळे, त्यावर आपले काही लिहिण्याची बंदी असे. त्याने छापील वाक्यांतील नको ती अक्षरे खोडून शिल्लक अक्षरांतून आपल्याला बूलोनला नेत आहेत एवढे घरी कळविले. बातमी फुटली, पार्लमेंटात प्रश्नांचा भडिमार झाला, पंतप्रधानांकडे लोक धावले. पस्तीस जणांना मृत्यूची शिक्षा वाचून दाखविण्यात आली आणि त्याच दमात ती रद्द करून दहा वर्षांच्या सक्तमजुरीची सांगण्यात आली. ही माणसे वाचली याचे श्रेय एकट्या स्नोडेनचे नव्हे. क्वेकर सभासद होते, बाहेर भरतीविरोधी संघाची माणसे होती. परंतु लष्कर अंधारात काही करू पाहील तर सभेत कोणीतरी दिवा घेऊन उभा राहतो, ही दहशत लष्करी खात्याच्या मनात बसली होती, आणि ती बसविण्याचे काम चिकाटीच्या प्रश्नांनी केले होते.

आता दुसरी बाजू. सातारा, रत्नागिरीकडील कित्येक गावांत संगमरवराची एक पाटी आढळते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि इतके कामास आले, असे तीवर कोरलेले असते. त्या पाटीपुढे उभा राहून कोणी म्हातारा विचारील की, आमची पोरे मेसोपोटेमियाच्या वाळूत मेली आणि तुम्ही घरी बसलेल्यांची पोवाडे गाता काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या समाजाचे या लढाईशी नाते तर याहून गुंतागुंतीचे होते. शाहू छत्रपतींनी त्या लढाईत लष्करभरतीस साह्य केले. महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास सरकारने बंद केली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज केला होता. १९१७ साली गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडली. हिंदुस्थानात कायद्याने सक्ती नव्हती. पण पंजाबात गावांवर माणसांचे आकडे बसवून भरती केली गेली, तेथे ती खुशीची होती असे कोण म्हणेल? म्हणजे विलायतेत न जाऊ इच्छिणाऱ्याला ओढून नेले आणि येथे जाऊ इच्छिणाऱ्याला जात पाहून दाराबाहेर ठेवले. पहिल्याची तक्रार आणि दुसऱ्याची तक्रार उलट दिसली तरी दोघांच्याही बाबतीत ‘तू कोण आहेस’ हे ठरविणारा तिसराच होता. शिपायाच्या शौर्याला आम्ही कमी लेखीत नाही. पण तो ज्या स्वातंत्र्यासाठी मेला म्हणून सांगतात त्या स्वातंत्र्यात ‘नाही’ म्हणणाऱ्याला जागा नसेल, तर त्या पाटीवरील माणसाला आपण फसविलेच.

स्नोडेनला याचे बक्षीस काय मिळाले? डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत ब्लॅकबर्नच्या मतदारांनी त्याला पाडले. त्याच साली मताधिकाराचा मोठा कायदा झाला. सर्व प्रौढ पुरुषांना आणि तीस वर्षांवरील पुष्कळ स्त्रियांना मत मिळाले. परंतु विवेकाच्या कारणाने लढाई नाकारणाऱ्यांचे मत पाच वर्षांसाठी काढून घेण्यात आले. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, पण शेवटचे कैदी सुटावयास १९१९ चा उन्हाळा उजाडला. पुढे १९२२ साली स्नोडेन पुन्हा निवडून आला व १९२४ साली मजूर पक्षाचा पहिला खजिनदार मंत्री झाला. १९३१ साली मात्र तो आपला पक्ष सोडून राष्ट्रीय सरकारात गेला आणि बेकारांच्या भत्त्याला व मास्तरांच्या पगाराला त्याने कात्री लावली. हे त्याचे वर्तन आम्हांस मुळीच पसंत नाही, आणि पुढाऱ्याची एक गोष्ट चांगली म्हणून त्याच्या सगळ्या गोष्टींवर शेंदूर फासण्याची आमची रीत नाही. १९३७ साली तो वारला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३९ साली, पुन्हा सक्तीची भरती आली. या खेपेस पंतप्रधान चेंबरलेन यांनी सभेत सांगितले की, अशा माणसांवर जबरदस्ती करण्याचा प्रयत्न म्हणजे वेळेचा आणि श्रमांचा व्यर्थ नाश आहे. ते स्वतः मागच्या लढाईत पंचायतीवर बसलेले होते, तेव्हा ही अनुभवाची वाणी होती. नवीन पंचायतींवर न्यायाधीश अध्यक्ष नेमले आणि लष्करी प्रतिनिधीची खुर्ची काढून टाकली. सुमारे साठ हजार माणसांनी या वेळी नकार नोंदविला. हार्वे तेव्हा पुन्हा पार्लमेंटात होते आणि म्हातारपणीही तेच काम करीत होते. १९१६ साली हसण्यावारी नेलेल्या प्रश्नांना तेवीस वर्षांनी कायद्याचे रूप आले.

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिलेले आहे. २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली, पण सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला ठेवली; मात्र ती लादताना केवळ धर्म, वंश, जात अथवा वर्ग यांच्या कारणाने भेद करता येणार नाही, अशी अट घातली. पाद्र्याला सूट आणि विणकराला पंचायत, ही १९१६ ची तऱ्हा या अटीपुढे कितपत टिकेल, हे वाचकांनीच पाहावे. आपल्याकडे सक्तीची लष्करभरती नाही. तेव्हा या दोन कलमांची एकमेकांशी गाठ लढाईच्या प्रसंगी अद्याप पडलेली नाही. ती पडेल त्या दिवशी प्रश्न विचारणारा सभासद सभागृहात असेल की नाही, हे आज तेथे कसले प्रश्न विचारले जातात यावरून समजेल.

म्हणून आमची आमच्या भागातील आमदारसाहेबांस एक साधी सूचना आहे. लढाई नसली तरी तुरुंग आहेत, आणि त्यांत खटला सुरू होण्याची वाट पाहत पडून राहिलेले कच्चे कैदी आहेत. त्यांत आमच्या भटक्या-विमुक्तांची, दलितांची, मुसलमानांची आणि रानातल्या आदिवासींची पोरे आहेत. येत्या अधिवेशनात आपल्या मतदारसंघातील अशा कैद्यांपैकी एकाचे नाव, त्याचे गाव, तुरुंग आणि धरल्याची तारीख घालून त्यांनी एक तारांकित प्रश्न टाकावा. नावे मिळत नसतील तर गावोगावच्या मास्तरांना विचारावीत. त्यांच्या आयांचे अर्ज आम्हीच लिहून दिलेले असतात.